खांद्याच्या पॅडचा तौलनिक अभ्यास आणि आई

ती. स्व. मामा यांस,

भाचीचा वाकून नमस्कार. तुमची सर्दी मामीकडे गेल्याचं कळलं. ती परत तुमच्याकडे आली नसावी. इकडे सगळे मजेत. (बाबा सोडून. ते पुढे येईलच.)

मला कारखान्यात पहिलं मोठं काम मिळालंय. बर्फावर हॉकी खेळणारे एकमेकांना भरधाव धडका देतात, आणि ते नियमात बसतं. त्यांच्यासाठी आम्ही खांद्याचे पॅड बनवतो. दोन नमुने आहेत, एक कडक प्लास्टिकच्या वाट्यांचा, दुसरा नुसत्या फोमच्या थरांचा. कोणता बनवायचा हे माझ्या अहवालावर ठरेल. साहेबांचा जीव कडक पॅडवर. माझं म्हणणं, आतल्याचा खांदा वाचला आणि समोरच्याचा निखळला, तर ते संरक्षण कसलं? साहेब म्हणाले, समोरचा आपलं गिऱ्हाईक नाही. मामा, मला त्या दिवशी डबा गेला नाही.

कारखान्यातलं यंत्र फक्त पॅडच्या आतल्याला बसणारा मार मोजतं. समोरच्याचा मोजायला मी दोन्ही नमुने घरी आणले. (घरात पदवी माझी एकटीची, त्यामुळे प्रयोगाला कुणी हरकत घेत नाही.) कडक पॅडचे पट्टे बाबांच्या पोटाला पुरेनात, म्हणून ते आईला चढवलं आणि बाबांना साध्या सदऱ्यात घरातल्या बोळाच्या टोकाला उभं केलं. आईनं हळू चालत यायचं ठरलं होतं. ती धावत आली. बाबा चपलांच्या कपाटात सापडले. उठल्यावर एवढंच म्हणाले, "हिला मागचं काहीतरी आठवलं असणार."

माझा मुद्दा सिद्ध झाला, पण मऊ पॅडची पाळी आलीच नाही, कारण आई कडक पॅड काढायला तयार नाही. दुकानाच्या रांगेत तिला आपोआप वाट मिळते. रोज जिना अडवून गप्पा मारणाऱ्या वरच्या काकू आता भिंतीला चिकटतात. मी समजवायला गेले तर म्हणाली, "इतकी वर्षं मी अंग चोरून चालले. आता जरा बाकीच्यांनी चोरावं."

मामीला नमस्कार, धाकट्यांना गोड पापा.

तुमची भाची

ता. क. पॅड सोमवारी परत गेलं नाही तर अहवाल साहेब स्वतः लिहिणार, म्हणजे कडकच ठरणार. आई फक्त तुमचं ऐकते. रविवारी येऊन थोरल्या भावाच्या अधिकारानं ते उतरवून घ्या. बोळात थांबू नका.

आणखी ता. क. तुम्हाला त्रास नको म्हणून आत्ताच मऊ पॅड घालून आईला शेवटचं विनवून आले. अक्षर डाव्या हाताचं आहे, सांभाळून घ्या. अहवालातला मऊ पॅडचा परिच्छेद नव्यानं लिहावा लागेल. तुम्ही मात्र आला नाहीत तरी चालेल. आई पॅड द्यायला तयार झाली आहे, फक्त साहेबांनी ते स्वतः न्यायला यावं, बोळातून.