दोऱ्यासकट

तेंगीझ,

‘प्रिय’ लिहायला हात वळत नाही.

आपल्या तेलावी गावच्या द्राक्षजत्रेत जर्मन सासू-सासऱ्यांना मिरवत आलास आणि आईच्याच पालापुढे अनोळखी होऊन उभा राहिलास. आई बाजारात बसते याची लाज वाटली? तिने द्राक्षरसात घोळवलेली अक्रोडांची माळ पुढे केली. आधी दोरा ओढून काढायचा, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. तू त्यांचं बघून दोऱ्यासकट चावलीस.

शेजारच्या पालातली लामारा आईला म्हणाली, "अगं, हा तुझा तेंगीझ ना?"

"छे. माझ्या पोराला दोरा काढता येतो."

आता प्रत्येक परदेशी गिऱ्हाइकाला आई स्वतः दोरा काढून देते. म्हणते, "घशात अडकतो गं."

अडकायलाच हवा होता.

पत्र टाकणार नाही. पत्ता तिलाच विचारावा लागेल.

आईची मुलगी,
नाझी