मागच्या पडवीतली चूल

बाबा,

मागच्या पडवीतली तुमची चूल मी अजून मोडलेली नाही. पुढच्या घराला लाद्या बसल्या, कौलं उतरवून पत्रे घातले, पण तो कोपरा तसाच ठेवलाय. तुमची सून दरवर्षी दिवाळीच्या आधी म्हणते की तिथे वॉशिंग मशीन छान बसेल, आणि मी दरवर्षी बघू म्हणतो. मांजर व्यायली की पिल्लं तिथे आणून ठेवते. बाकी त्या चुलीचं आता कोणाला काम नाही.

ती तुम्ही माझ्यामुळे बांधलीत. कंपनीत लागलो त्या वर्षी एकादशीला गावच्या देवळात मी माळ घातली. तुम्हाला विचारलं नव्हतं. घरी आलो तेव्हा तुम्ही ओट्यावर बसून शेतातून आणलेल्या चिंबोऱ्या साफ करत होता. माझ्या गळ्याकडे बघितलंत आणि आईला हाक मारून म्हणालात, "झाला गं आपल्या घरात एक बैल. घाल त्याला वैरण." आई हसली. मला राग आला होता. पण पुढच्या रविवारी कर्जतहून येताना तुम्ही सायकलला विटा बांधून आणल्यात, माती कालवलीत आणि दुपारपर्यंत मागच्या पडवीत ही चूल उभी केलीत. आतल्या भांड्यांना तुमच्या बोंबलाचा वास लागू नये म्हणून. तवा वेगळा, पातेलं वेगळं, उलथनंसुद्धा वेगळं. तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. त्यानंतर दर रविवारी तुम्ही तिथे पाटावर बसून कालवण करायचात, कानांच्या मागे भाताच्या गिरणीतला कोंडा तसाच चिकटलेला, आणि तिथूनच ओरडायचात, "बैला, वास तरी घे रं. वासाला पाप नाय." मी आत वरणभात जेवत असायचो. आई गेल्यावरही ते चुकलं नाही. सगळं धरून वीसेक वर्षं आपलं असं चाललं. देवाकडे मी तुमच्यासाठी काही मागितलंच असेल तर एवढंच की यांचं हे खाणं सुटू दे.

सुटलं.

पोटात गाठ निघाली तेव्हा आपण पनवेलच्या पलीकडे त्या मोठ्या हॉस्पिटलात गेलो. डॉक्टरांनी औषधांचं सांगितलं आणि मग खाण्याचं सांगायला एका बाईंकडे पाठवलं. तरुण होत्या, माझ्या भाचीच्या वयाच्या. त्यांनी तुम्हालाच विचारलं, आजोबा, तुम्हाला काय आवडतं? तुम्ही लाजून माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, बोंबील. त्या हसल्या. म्हणाल्या, मग खा की. अंडी खा, मासे खा, डाळ, दूध, मऊ भात, जे जाईल ते, थोडं थोडं, दिवसातून पाचसहा वेळा. फक्त कच्चं काही नको आणि बाहेरचं नको. मग माझ्याकडे वळून त्यांनी आवाज बदलला. वजन उतरू देऊ नका, म्हणाल्या. वजन फार उतरलं तर पुढचा डोस देता येत नाही. एवढी एकच गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली. परतताना गाडीत तुम्ही खुशीत होता. "बघ, आता डॉक्टरच म्हनतो बोंबील खा," असं ड्रायव्हरलाही सांगून झालं.

घरी पोचलो तर ओट्यावर आत्या बसलेली. पोशीरहून सकाळीच आली होती. डोळे पुसून तिने पहिलं वाक्य काय म्हटलं असेल तर अंडी-मासळी बंद करा, गरम पडते, गाठ पिकते. दुसऱ्या दिवशी तिचा मुलगा दहिवलीहून आला. त्याच्या मोबाइलमध्ये सगळं होतं. गाठ साखरेवर जगते, म्हणून साखर बंद, गूळ बंद, आणि भात म्हणजे साखरच, म्हणून भातही बंद. तुम्ही तेव्हा पहिल्यांदा आणि शेवटचं उलट बोललात, "आयुष्यभर भात सडला, आता भातच वैरी झाला व्हय?" तो म्हणाला, "मामा, परदेशात सगळे हेच करतात." तुम्ही मान हलवलीत. मग खोपोलीच्या वैद्यांनी दूध तोडलं आणि मुगाचं पाणी दिलं. खालच्या आळीतल्या मास्तरांनी गव्हाच्या अंकुरांचा रस सांगितला, रोज ताजा, कच्चा. हॉस्पिटलच्या बाईंनी कच्चं नको म्हटलं होतं, हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "त्या काय सांगणार? त्यांचं दुकान आहे." कोणी कारल्याचा रस, कोणी गोमूत्र, कोणी लक्ष्मणफळाची पानं पिशवी भरून. आपल्याकडे आजाऱ्याला बघायला रिकाम्या हाताने जात नाहीत. फळं आणायला पैसे पडतात, सल्ल्याला पडत नाहीत. आणि ज्याचा सल्ला घेतला नाही तो रागावतो, पुढच्या वेळी आल्यावर आधी ताटात डोकावतो.

एका सकाळी तुमची सून स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी राहिली. म्हणाली, "भात नको, दूध नको, अंडं नको, गोड नको. मग पातेल्यात घालू काय ते तरी सांगा. नायतर तुमच्या आत्यालाच बोलवा रोज चूल पेटवायला." मी तिलाच गप्प केलं. बाबा, मी तुम्हाला विचारायला हवं होतं हे खरं, पण तुम्ही कधी कोणाचं ऐकणारे नव्हता. गिरणीच्या मालकाचंसुद्धा नाही. मला वाटायचं, आता उठतील आणि एकेकाला शिव्या देऊन हाकलतील. मी वाट बघत राहिलो. तुम्ही मात्र जो येईल त्याच्यापुढे मान हलवत होता. घाबरलेला माणूस सगळ्यांचं ऐकतो, आणि सगळ्यांचं ऐकल्यावर ताटात काही उरत नाही, हे मला तेव्हा समोर दिसत होतं. दुधी आणि मुगाचं पाणी. तुमच्या मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत सरकायला लागलं होतं.

त्यातच माळेचं झालं. मी पहिल्या पाळीला होतो. दुपारी घरी आलो तर उदबत्तीचा वास, आणि भजनी मंडळातले बुवा चहा पिऊन नुकतेच गेलेले. आत्याने त्यांना रिक्षा करून आणलं होतं. तुम्ही खाटेवर भिंतीला टेकून बसला होता आणि गळ्यात तुळशीची नवी माळ. एरवी नीट बसली असती ती माळ तुमच्या गळ्याच्या हाडांवर नीट टेकत नव्हती. आत्या म्हणाली, "आता बघ कसा बरा होतो. तुझीच इच्छा होती ना रं?" होती. मी तुमच्या पाया पडलो, आपल्यात तसंच करतात. तुम्ही म्हणालात, "झाले दोन बैल." आम्ही सगळे हसलो. तुमच्या थट्टेवर आम्ही हसलो ते शेवटचं, हे मला तेव्हा कळलं नाही.

पुढच्या खेपेला हॉस्पिटलात काटा खाली आला आणि डोस पुढे ढकलला. त्या बाईंनी विचारलं, अंडं घेतात का? मी म्हटलं, त्यांनी माळ घातलीय. त्यांची नजर तुमच्या गळ्यावरून माझ्या गळ्यावर आली. मग त्या फाइलमध्ये लिहायला लागल्या. ती नजर मला अजून टोचते.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि कर्जतच्या मासळी बाजारात गेलो. माळ घातल्यापासून त्या गल्लीतून गेलो नव्हतो. तुमची ती नेहमीची मावशी, कपाळभर कुंकू लावणारी, मला बघून मोठ्याने म्हणाली, "माळकरी, वाट चुकलास का रं? बाप कुठं हाय तुझा? कवापासून फिरकला नाय." मी सांगितलं. तिने बोंबील निवडून घातले, वरून मूठभर आणखी घातले आणि पैसे घेताना माझ्या हाताला हात लागू दिला नाही. "तुझी माळ हाय," म्हणाली. तुमची सून करायला तयार होती, पण मी तिला नको म्हटलं. मागच्या पडवीत गेलो, जळमटं झाडली, चूल पेटवली. मला काहीच येत नव्हतं. ती दारात उभी राहून सांगत होती, कोकम आता टाका, हलवू नका, मोडतील. सोबत मऊ भात केला होता, पांढराशुभ्र. ताट घेऊन तुमच्या खाटेशी आलो तेव्हा तुम्ही डोळे मिटून होता. आधी नाक हललं, मग डोळे उघडले.

"कोनी केलं?"

"मी."

"बैलानं केलं?" तुम्ही म्हणालात, आणि ताटाकडे इतका वेळ बघत राहिलात की वाफ जिरली. मग हात माळेवर गेला. "घातली ती घातली रं आता. ने ते."

मी भांडलो. वीस वर्षं मला हसलात, म्हटलं, आणि आता तुम्हालाच देव सुचतो? मी म्हटलं, माझी माळ काढून ठेवतो, पाप लागायचं ते मला लागू दे, पण तुम्ही दोन घास खा. आणि मी खरंच गळ्याला हात घातला. तुमच्यात ताकद नव्हती, तरी तुम्ही माझं मनगट धरलंत.

"माळेला हात लावलास तर याद राख. देव तुझा हाय, माझा नाय. मी त्याला फसवला तं तो वसूल तुझ्याकडून करंल."

तुम्ही भिंतीकडे वळलात. ते ताट मी चुलीपाशी नेऊन ठेवलं आणि मांजरांनी खाल्लं. एवढे दिवस मी समजत होतो की तुम्ही गाठीला घाबरून सगळ्यांचं ऐकता. गाठीला घाबरला होता हे खरं, पण शेवटी उपाशी राहिलात ते माझ्यासाठी. हे उपकार मी तुमच्याकडे मागितले नव्हते, बाबा. मला ते नको होते. इतक्या वर्षांनंतरही मी तुमच्या फोटोसमोर हात जोडतो तेव्हा आधी रागच येतो.

मी बुवांकडे गेलो. ते अंगणात पेपर वाचत होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अरे, औषधाला कसला नेम? आधी सांगायचं होतंस." इतक्या सहज, की जणू मी त्यांच्याकडे छत्री मागायला गेलो होतो. ते स्वतः येऊन तुम्हाला सांगूनही गेले. पण तेव्हा तुम्ही चमच्याने पाणी घेत होता, आणि तेही अर्धं बाहेर यायचं. पुढचा डोस झाला नाही. पहिल्या दिवसापासून पोटभर जेवला असतात तर वाचला असतात असं मी म्हणत नाही. डॉक्टरांनीही तसं म्हटलं नाही. पण जेवून गेला असतात.

तेराव्याला सगळे आले. आत्याच्या मुलाने चहात दोन चमचे साखर वरून मागून घेतली. वैद्यांनी बासुंदी दोनदा वाढून घेतली. मास्तर भात कालवताना म्हणाले की तांदूळ चांगला आहे, कुठला? आत्या पंगतीत बायकांना सांगत होती, "शेवटी शेवटी काय खाल्लंच नाय हो भावानं, नुसती हाडं राहिली." मी वाढत होतो. माझ्या हातात बुंदीचं ताट होतं आणि मी तिला आग्रह करून आणखी वाढली.

माळ मी काढलेली नाही. एकादशी करतो, संध्याकाळी हरिपाठाला बसतो. देवाशी माझं भांडण नाही, त्याने कधी कोणाच्या ताटात हात घातला नव्हता. माणसांना मात्र मी माफ केलेलं नाही. आत्या वारली तेव्हा खांदा दिला, डोळ्यांत पाणी आलं नाही.

हे आज लिहायचं कारण कालचं आहे. कंपनीत माझ्या हाताखाली एक जण आहे, खालापूरजवळ राहतो. त्याच्या वडिलांना तुमच्यासारखंच निघालंय. मी बघायला गेलो. वाटेत पक्कं ठरवलं होतं की एवढंच सांगायचं, डॉक्टर म्हणतील ते करा आणि त्यांना जे जाईल ते खाऊ द्या. म्हातारबाबा खाटेवर बसून चहा पीत होते, बशीत ओतून, फुर्र करून, तुम्ही प्यायचात तसा. त्यांनी बशी खाली न ठेवताच माझ्याकडे बघितलं, माझ्या माळेकडे बघितलं आणि विचारलं, "महाराज, तुमच्या घरात झालेलं म्हनं. काय खावं वो आमी?" खोलीतले सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. त्या माणसाच्या डोळ्यांत तुमचीच भीती होती, ती मी ओळखली. तिथे बसून आपल्या हातात काहीच नाही हे सोसवेना. माझं तोंड उघडलं आणि मी म्हणालो, "साखर जरा कमी करा."

त्यांनी मान हलवली. अर्धी भरलेली बशी हळूच जमिनीवर ठेवली आणि खाटेखाली सरकवली.