चांगुणाताईंच्या सदतीस कॅसेटी

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

धर्मेशकडे चांगुणाताईंच्या सदतीस कॅसेटी आहेत. सदतीस! सगळ्या त्यांच्या गाण्याच्या चालू कार्यक्रमात चोरून भरलेल्या. आणि अशा कॅसेटी पकडण्यात ज्याची पंधरा वर्षं गेली तो शहाणा मी.

कंपनीला सुट्टी, म्हणून हिचा मिक्सर दुरुस्तीला घेऊन कॅम्प तीनला गेलो होतो. धर्मेशच्या दुकानात अर्ध्या वस्तू खोक्यात बांधलेल्या. दुकान विकलं म्हणाला, एकतीस मार्चला चावी द्यायची, मग मुलाकडे इंदूरला. मग माझ्याकडे बघून हसला आणि माळ्यावरून एक खोकं काढलं. वर निळ्या पेनाने सिंधी अक्षरात काहीतरी. आत कॅसेटी. एकेकीवर गावाचं नाव आणि साल.

म्हणाला, "महेंद्रभाऊ, तुम्ही पब्लिकमधे शोधत होते. टेपचा डेक तर टेबलच्या खाली होता, साईं."

त्याच्या बापाचा साउंड असायचा आमच्या जयंतीला. हा तेव्हा विशीतला, साउंडच्या मिक्सरवर बसायचा. मी त्याला दरवेळी चहा नेऊन द्यायचो!

पाच हजार म्हणाला. विचार करतो म्हटलं आणि निघालो. हिचा मिक्सर तिथेच राहिला.

१ मार्च, शनिवार

दिवसभर पॅकिंगला लेबलं उलटी लावली. सुपरवायझरने दोनदा ऐकवलं. सदतीस.

४ मार्च, मंगळवार

लिहून काढतो. डोक्यात नुसतं फिरतंय.

ताईंची एकही कॅसेट बाजारात नाही. एकदा एका कंपनीने त्यांचं गाणं घेतलं, आणि दुसऱ्याच बाईच्या आवाजात काढलं. ताईंना एक पैसा नाही, नाव पण नाही. तेव्हापासून त्यांनी ठरवलं — गाणार ते समोर बसलेल्यांसाठी. "गळा माझा आहे, ज्याला पाहिजे त्यानं बोलवावं," असं स्टेजवरून सांगायच्या. घरात पाच तोंडं, नवरा लवकर गेलेला. एका जयंतीची कॅसेट निघाली की पुढच्या वर्षी मंडळवाले तीच चौकात लावणार आणि ताईंना कोणी बोलावणार नाही. हे त्यांना बरोबर कळत होतं.

म्हणून मी. वस्तीत मला "टेपवाला पोलीस" म्हणायचे. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी मंडपात फेरी मारायची, पिशव्या बघायच्या, बायकांच्या ओटीतसुद्धा टेप सापडले आहेत. कॅसेट सापडली की त्याच्यासमोरच बोटाने रिबीन ओढून काढायची आणि रिकामी डबी परत द्यायची. माझ्याच मामाची काढली. मामा दोन वर्षं बोलला नाही.

फेरी झाली की मी मागच्या खांबाशी उभा राहायचो. ताई माइकसमोर येऊन छातीशी मूठ धरायच्या. म्हणजे, टेप बंद का? मी पण छातीशी मूठ धरायची. म्हणजे, बंद. मगच पेटीवाल्याला मान हलवायच्या. पंधरा वर्षं एकदाही चुकलं नाही. आणि तेवढ्या सगळ्या वेळा मी खोटं सांगितलं!

मला त्याचा अभिमान होता. अजून आहे बहुतेक.

७ मार्च, शुक्रवार

मिक्सर आणायचा म्हणून गेलो. म्हणजे हिला तसं सांगून गेलो.

धर्मेशने न विचारता एक कॅसेट लावली. सत्त्याण्णवची, आमच्याच वस्तीची. आधी माणसांचा गोंगाट. मग कोणीतरी माइकवर टकटक केली. मग चार-पाच सेकंद काही नाही, पूर्ण शांत. धर्मेशला वाटलं टेप अडकली, तो उठला. मी त्याचा हात धरला. मला माहीत होतं तिथे काय चाललंय. ताई मूठ धरून माझ्याकडे बघत होत्या.

मग आवाज आला.

काय लिहू? दुसऱ्या ओळीलाच थांबल्या. बक्षीस आलं होतं. गाणं थांबवून नाव घ्यायची त्यांची पद्धत, पाच रुपये असले तरी. "गयाबाईंकडून पाच रुपये, आई, आभारी आहे." ती माझी आई. आईला जाऊन अकरा वर्षं झाली. पाच रुपये दिले होते हे आईने मला कधी सांगितलं नाही, तिच्याकडे पाच रुपये कुठून आले तेही कळत नाही.

धर्मेशला म्हटलं, बंद कर. गिऱ्हाइकं बघत होती. रडलो मी, त्यात लपवायचं काय.

मिक्सर आज पण विसरलो.

९ मार्च, रविवार

प्राचीला सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, यूट्यूबवर असेल ना." अर्धा तास शोधलं तिने. एक नाही. शेवटी माझ्याकडे अशी बघायला लागली की ही बाई खरंच होती का!

गाण्यांच्या वह्या होत्या ताईंकडे, पत्र्याच्या पेटीत. मांजर्लीला त्यांच्या घरात पुराचं पाणी भरलं त्या वर्षी पेटीसकट गेल्या. तळमजला. आता शब्द पण नाहीत. साथीला बसणाऱ्यांत एक ढोलकीवाला उरलाय, त्याला ऐकू येत नाही. आणि मागच्या दिवाळीत ताईंना झटका आला, वाचा गेली. मी अजून भेटायला गेलेलो नाही. आज जाऊ, उद्या जाऊ करत चार महिने काढले. खरं कारण हे की गप्प बसलेल्या चांगुणाताई मला बघवणार नाहीत.

म्हणजे जे काही आहे ते त्या खोक्यात. आणि ते खोकं चोरीचं आहे.

मनात आलं, घेऊन ठेवावं, ऐकू नये. लगेच स्वतःचीच लाज वाटली. टेप पकडला की लोक मला हेच सांगायचे — भाऊ, घरी नेतो फक्त, वाजवणार नाही. मी त्यांना किती बोललोय!

पैशाचा प्रश्न नाही. पैसे असते नसते तरी गाठ इथेच होती.

१२ मार्च, बुधवार

धर्मेशचा फोन. भंगारवाला पंचवीसला येतोय. खोकं न्यायचं तर त्याआधी न्या, नाहीतर त्याच्याच गाडीत टाकतो. दुसरं कोण घेणार या कॅसेटी, म्हणाला. त्याचं बरोबर आहे. कोणी नाही.

१४ मार्च, शुक्रवार

धुळवड. रस्त्यात पोरं रंग उडवत होती, त्यातून वाट काढत मांजर्लीला गेलो. ठरवलं होतं, ताईंनाच विचारायचं. त्यांचा आवाज, त्यांनी ठरवावं. बोलता येत नसलं तरी हो-नाही सांगता येईल.

सून करिष्माने दार उघडलं. मला पहिल्यांदाच बघत होती, पण नाव सांगितल्यावर म्हणाली, आई तुमच्याबद्दल सांगायच्या. भिंतीवर माझ्या छातीएवढ्या उंचीवर पुराची रेघ अजून तशीच. ताई खिडकीजवळच्या खाटेवर. एवढीशी झालीय बाई. गळ्यापर्यंत चादर. "जयभीम ताई, मी महेंद्र." डोळे लगेच भरले त्यांचे. ओळखलं.

करिष्मा चहा ठेवायला आत गेली. मी पटकन सगळं सांगून टाकलं. धर्मेश, टेबलाखालचा डेक, सदतीस कॅसेटी. माझ्या नाकाखाली झालं, माफ करा. मग विचारलं, "ताई, घेऊ का मी त्या?"

मग डाव्या हाताने त्यांनी चादर ओढायला सुरुवात केली. जमत नव्हतं, मी मदत केली. चादर बाजूला झाली आणि उजवा हात दिसला. छातीशी. मूठ घट्ट मिटलेली.

टेप बंद का?

बोलता येत नाही, उठता येत नाही, पण ते विसरल्या नाहीत! मी सरळ उभा राहिलो आणि छातीशी मूठ धरली. म्हटलं, ताई, बंद करतो. शब्द देतो. त्या मान हलवायला लागल्या — नाही, नाही, नाही. माझी बाही धरून ठेवली. मी म्हटलं, नाही ताई, कोणी ऐकणार नाही, मी पण नाही. घशातून काहीतरी आवाज काढत होत्या. मला बघवेना. चहा न घेताच निघालो.

१५ मार्च, शनिवार

बरं झालं विचारलं. आता विचार करायला काही उरलं नाही.

पण नुसतं न घेऊन चालणार नाही. भंगारवाल्याकडून खोकं कोणाच्या हातात पडेल, कोण कुठे वाजवेल. शब्द दिलाय.

२१ मार्च, शुक्रवार

धर्मेशला पाच हजार दिले. म्हणाला, अब आराम से सुनो, भाऊ. खोकं रिक्षात मांडीवर घेऊन अंबरनाथला घरी आलो.

गच्चीवर बसलो. एकेक कॅसेट. जुनीच पद्धत, बोट घालायचं आणि ओढायचं. पहिल्या पाच-सहा भराभर झाल्या. मग हात जड झाला. सत्त्याण्णवची हातात आली तेव्हा थांबलो. आईचे पाच रुपये. घरात टेप नाही, असता तर मी काय केलं असतं देव जाणे — आणि देव मी मानत नाही. ती पण ओढली. मामाची ओढली होती, मग आईची का सोडायची?

सदतीस झाल्या. एका गोणीत मावली सगळी रिबीन. गोणी इतकी हलकी लागली की दोनदा उचलून बघितली.

ताईंचं काम केलं. एवढं वाईट कधी वाटलं नव्हतं. पूर्वी रिबीन ओढली की निदान मंडपात गाणं तरी सुरू व्हायचं.

२३ मार्च, रविवार

बोटाचं कातडं निघालंय. ही म्हणते, ती गोणी टाकून ये, गच्चीवर पापड घालायचेत. कचऱ्याची गाडी रोज येते. उद्या टाकतो.

२८ मार्च, शुक्रवार

सकाळी करिष्माचा फोन. ताईंचा व्यायाम घ्यायला जी बाई येते ती म्हणाली, यांची जुनी गाणी यांना रोज ऐकवा, कधीकधी गाण्याच्या नादाने वाचा परत येते. करिष्मा म्हणाली, "काका, घरात आईंचं एक पण गाणं नाय. तुमच्याकडे असेल ना? तुम्ही येऊन गेल्यापासून आई सारखं दाराकडे बोट दाखवतात."

म्हटलं, अगं, ताईंनीच नको म्हणून मला मूठ दाखवली.

"ती मूठ झटका आला तेव्हापासून तशीच आहे, काका. उघडतच नाय. तीच तर तुम्हाला दाखवत असतील."

गोणी टाकली नव्हती. गच्चीवर ओतली आहे. एक पेन्सिल आणि एक रिकामी डबी घेऊन सकाळपासून बसलोय. एक टोक सापडलं. हातभर सुटली, पुढे गाठ आहे.