अंगठ्यावरचं नाव

३ ऑगस्ट २०२५, रविवार

जामीन नाही! परत नाही!

मनस्विनी वकिलांनी काल निकाल सांगितला, आज मी परत फोन करून तेच विचारलं. म्हणाल्या, मुलगी अठराच्या आत आहे, तिची मर्जी होती की नव्हती हे या कायद्यात विचारतच नाहीत. मी म्हटलं, अहो, माझा हर्षद तरी कुठे मोठा आहे? विशीचा पोर.

मे महिन्यात तेजस्वीला गाडीवर बसवून शहरात मित्राच्या खोलीवर घेऊन गेला. सकाळी वाडीच्या तोंडाशी आणून सोडली. तिचे वडील दीपकभाऊ मुंबईहून धावत आले आणि संध्याकाळी पोलीस आमच्या पडवीत! पोक्सो. तेजस्वीने मॅजिस्ट्रेटसमोर एवढंच सांगितलं - मी स्वतःहून गाडीवर बसले. पुढे तोंड उघडलं नाही. आता यातून काय ते समजायला वकील लागतो का? दोन वर्षं एका एसटीने कॉलेजला जात होती दोघं. अख्ख्या वाडीला माहीत.

प्रेम केलं म्हणून पोर जेलात. डोकं फुटायची वेळ आलीय.

६ ऑगस्ट

ऑफिसातून पोस्टर आलं. बालसंरक्षण. 'अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक आहे.' तुमच्या अंगणवाडीच्या दर्शनी भिंतीवर लावा, फोटो काढून ग्रुपवर टाका. लावलं. टाकला. सुपरवायझर मॅडमनी अंगठा पाठवला. दुसरं काय करणार होते? नोकरी आहे.

हेच तर मी गावभर शिकवत हिंडले. किशोरी मेळाव्यात मुलींना पाच बोटं मोजायला लावायची - काही वाईट घडलं तर कोणाला सांगाल, एकेका बोटावर एकेक माणूस. तेजस्वी तेव्हा नववीत. अंगठा वर करून म्हणाली, "बाई." आई दुसऱ्या बोटावर! मी किती फुशारले होते. आणि माझ्याच मुलावर जीव जडला तर ते मात्र बाईला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी काही खाल्लं नसतं तिला.

९ ऑगस्ट

राखीपौर्णिमा. आरोहीने भावाची राखी देव्हाऱ्यात ठेवली. धाकटी असून माझ्यापेक्षा घट्ट आहे ती. मी आत जाऊन रडले.

२७ ऑगस्ट

गणपती बसले. हे मुंबईहून आले. दरवर्षी पाटावरून मूर्ती हर्षद आणतो. या वर्षी ह्यांनी आणली, आणि उंबऱ्यात पाय अडखळला; मूर्ती कशीबशी सावरली. मोदकही उकडताना फुटले सगळे.

आरतीला शेजारची चार माणसं कमी होती. येऊ देत नाहीतर न येऊ देत.

३० ऑगस्ट

आज देवळात बैठक झाली. चाकरमानी घरी आहेत तोवर उरकायची असं सखारामकाकांनी ठरवलं होतं. गावचे मानकरी, त्यांचा शब्द खाली पडत नाही. दीपकभाऊ आले, हे गेले. आम्ही बायका बाहेर पायरीशी.

ठरलं ते असं - तेजस्वीला अठरा पूर्ण झाली आणि हर्षद एकवीसचा झाला की लग्न. कोर्टात तिच्या घरचं कोणी विरुद्ध बोलणार नाही. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, सगळे "व्हय महाराजा" म्हणाले. नारळ घरातून मी नेला होता. चांगला बघून, पाणी वाजवून.

सखारामकाका बाहेर येऊन मला म्हणाले, "आता देवाम्होरं नारल ठेवलाय. आता कुनी त्वांड उघडायचा नाय."

मी त्यांच्या पाया पडले. तेजस्वी बैठकीला नव्हती. तिचं काय काम होतं तिथे? पोरीबाळींना कोण बोलावतं?

२ सप्टेंबर

मला वाटलं होतं नारळ ठेवला म्हणजे केस संपली. वाडीत सगळ्यांनाच वाटलं होतं! जमिनीची भांडणं अशीच मिटली आमच्याकडे. मनस्विनी वकील म्हणाल्या, केस आता सरकारची आहे, दीपकभाऊंची नाही, देवळात काही ठरलं तरी ती मागे घेता येत नाही. तेजस्वीची साक्ष होणारच. ती काही झालं नाही म्हणाली तर आशा आहे.

म्हणजे सगळं त्या पोरीच्या जिभेवर.

२१ सप्टेंबर, रविवार

शहरात परिसंवाद होता. मुलीच्या संमतीचं वय सोळा की अठरा. वरच्या कोर्टातही हाच वाद चाललाय म्हणे. मनस्विनी वकिलांनी जायला सांगितलं म्हणून गेले. एक प्राध्यापक फार छान बोलले - हा कायदा वाईट माणसांसाठी केला आणि त्यात कोवळी पोरं सापडतात. माझ्या मनातलं बोलले. मग मुलींसाठी काम करणाऱ्या एक बाई उठल्या. म्हणाल्या, अठराच राहू दे, गावात मिटवामिटवी होते आणि मुलीला कोणी विचारत नाही.

माझं पित्त खवळलं. आयुष्यात कधी सभेत बोलले नाही, आज उभी राहिले. म्हटलं, माझा मुलगा आत आहे. ज्या मुलीसाठी कायदा, तिची तक्रारच नाही!

त्या बाई शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही तिला विचारलंत?"

मी म्हटलं, विचारायचं काय त्यात, अख्ख्या वाडीला माहीत आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी!

परतीच्या एसटीत डबा उघडला आणि तसाच बंद केला. सकाळपासून उपाशी होते तरी.

१२ ऑक्टोबर

हर्षदला भेटले. गालफडं बसलीत पोराची. घरचं काही विचारलं नाही, आरोहीचं नाही, बापाचं नाही. एकच - "आई, तेजू काय बोलणार नाही ना?"

म्हटलं, नाही रे, देवळात नारळ ठेवलाय.

तेव्हा कुठे त्याने श्वास सोडला. किती घाबरलंय लेकरू.

१६ नोव्हेंबर

भात झोडून झालं. तेजस्वी वाटेत दिसली, भाऱ्याखाली मान. मी हाक मारली - सूनबाई! मुद्दाम, थट्टेने. भारा टाकून माघारी पळाली.

लाजली असेल.

२० नोव्हेंबर

लाजलेली पोर अशी पळत नाही. कोणाला सांगू? कोणाला सांगणार नाही. माझं डोकं फिरलंय, बाकी काही नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

पोरं घरी गेल्यावर तेजस्वी अंगणवाडीत आली. मी खिचडीचं पातेलं घासत होते. पोस्टरखाली उभी राहिली आणि अंगठा वर केला. मेळाव्यात केला होता तसा.

"बाई, गाडीवर मी बसले, ता खरा हाय. फिरायला जाऊ म्हनला होता. खोलीवर मी नको म्हनले. लय वेळा म्हनले. आता नारल ठेवलाय... मी बोलू का?"

"बोल," म्हटलं. माझाच आवाज होता.

उद्या साक्ष आहे. कोर्टाच्या बाहेर बाकावर मी तिच्याशेजारी बसेन. हर्षदला तिथूनच आत नेतात. त्याला दिसेल.