अप्पांना मी चालवणारच

झाशी

अनुराधावन्सं,

हे पत्र तुम्हाला धाडणार नाही, म्हणून खरं तेच लिहिते. काल फोनवर तुम्ही ओरडलात, "ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी सासऱ्याला खाटेवरून उठवतेस, लाज नाही वाटत?"

नाही वाटत.

अप्पांच्या खुब्याचं ऑपरेशन नीट झालं. पण डॉक्टर म्हणाले, खरा धोका आता आहे. पडून राहिले तर पायात रक्ताची गुठळी होते, ती फुप्फुसात गेली की माणूस हातचा जातो.

आईंच्या ऑपरेशननंतर आपण त्यांना जमिनीला पाय लावू दिला नाही. पोटरी सुजली, तेव्हा अवघडली असेल म्हणून तुम्ही आणि मी आळीपाळीने चेपत बसलो. मायेनेच चेपली. चेपता चेपताच त्यांचा श्वास अडकला.

म्हणून आता अप्पांच्या पायाला मी कुणाला हात लावू देत नाही. चिरगाँवचे काका मालिशचं तेल घेऊन आले होते, बाटलीसकट परत पाठवले. शेजारच्या खाटेवरची अम्मा म्हणते, "बहूजी, बूढ़े आदमी पे रहम करो." मी वॉकर पुढे सरकवते.

आज अप्पा वॉर्डच्या दारापर्यंत चालले. वाटभर मला, माझ्या माहेराला आणि रेल्वेतल्या त्यांच्या जुन्या साहेबांना शिव्या घालत होते. सगळा वॉर्ड ऐकत होता. मी म्हटलं, अप्पा, आणखी मोठ्याने.

आईंना शेवटी माझं नावसुद्धा घेता आलं नव्हतं. शिवी द्यायला छातीभर श्वास लागतो, वन्सं.

तुमची निर्लज्ज भावजय,
शमिका