तीन ठिपक्यांचा क्रँक

बाबा, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि या आठवड्यात मला तुमची किळस आली. हा शब्द मी वहीत लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला. राग म्हणून पाहिलं, दुःख म्हणूनही पाहिलं, पण जे वाटलं ते घशाशी येणारं होतं.

मी बी.एड.ला लागले तेव्हा तुम्ही अकोल्याहून आणलेली ती गिअरची सायकल अजून माझ्याकडे आहे. जुनी, कुणीतरी वापरून टाकलेली, पण तुम्ही ती चार दिवस तुमच्या सायकलदुरुस्तीच्या दुकानात उलटी करून बसलात आणि दिली तेव्हा चेन लोण्यासारखी फिरत होती. मी इथे कारंजा गावात त्याच सायकलवर शाळेत शिकवायला जाते. वीस वर्षांत चक्रांचे दात झिजले, चढावर पायडल रिकामं जाऊ लागलं, म्हणून ठरवलं की सगळंच बदलायचं : पुढे तीनऐवजी एकच चक्र, मागे नऊ, नवं चाक, नवी चेन. फ्रेम तेवढी तुमची ठेवायची. इथला मेकॅनिक माझ्याच वयाचा, तोंडाचा फटकळ. त्यानं जुना क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा आणि त्याला जडलेली दातेरी चक्रं, ओढून काढला. आत काळं, घट्ट, कुजल्या तेलाच्या वासाचं ग्रीस होतं. फडक्यानं पुसता पुसता तो हसला. "मॅडम, हे ठिपके कायचे? चोरीची तं नाई ना सायकल?"

मीही हसले. म्हटलं, माझ्या वडिलांची खूण आहे. आणि मग मोजले. तीन.

दुकानातली ती पद्धत मला पाठ आहे. ओव्हरहॉलिंगला आलेल्या चार-पाच सायकलींचं सामान एकाच ट्रेमध्ये रॉकेलात भिजत पडायचं, म्हणून तुम्ही आधी प्रत्येक भागाच्या आतल्या बाजूला टोकदार पंचनं ठिपके ठोकायचात. किराणावाल्यांचा एक ठिपका, पोस्टमनचे दोन, गणिताच्या सरांचे तीन. घरच्या सायकलीला खूणच नसायची. दहा वर्षांची असताना मी पोस्टमनचं पायडल किराणावाल्यांच्या सायकलीला लावलं. तुम्ही मारलं नाही. दोन्ही पायडल माझ्या हातात दिलीत आणि भर उन्हात दोन्ही घरी पाठवलंत. "जाय, सांग त्याहिले, माह्या हातून चुकलं म्हून. कोनाचं सामान कोनाले गेलं नाई पायजे." मी रडत गेले, रडत आले, आणि त्या दिवसापासून तुमच्यासारखा सरळ माणूस नाही असं धरून चालले. वर्गात मुलांना ही गोष्ट मी किती वेळा सांगितली असेल.

मी मेकॅनिकला मागचं फ्रीव्हील, मागच्या चाकावरचा दातेरी चक्रांचा गठ्ठा, तोही पुसायला लावला. त्याच्याही आतल्या कडेला तीन. एक भाग चुकून जाऊ शकतो. दोन जात नाहीत.

मी बी.एड.ला लागले त्याच वर्षी सरांनी नवी कोरी गिअरची सायकल घेतली होती, आपल्या कामरगावातली पहिली. नवी सायकलही एकदा खोलून ग्रीस भरायची तुमची रीत, म्हणून माझी आणि त्यांची एकाच उन्हाळ्यात तुमच्याकडे उघडलेली होती, हे मला आठवतं, कारण दोन्हींची चाकं एकाच खिळ्याला टांगलेली दिसतात अजून. त्यांचे नवे दात माझ्या सायकलीला आले, माझे झिजलेले त्यांच्या सायकलीला गेले. त्यांची नवी चेन मात्र तुम्ही त्यांच्याच सायकलीवर ठेवलीत. चेन नजरेला दिसते, ग्रीसखालचे दात दिसत नाहीत. आणि झिजल्या दातांवर नवी चेन बसत नाही, उडी मारते, हे मला कुणी शिकवलं? तुम्हीच. पावसाळ्यात सर नाल्याच्या पुलापुढच्या चढावर उभं राहून पायडल मारत होते, चेन उडाली, ते गुडघ्यावर पडले. तो गुडघा परत कधी नीट वाकला नाही. ते सायकल घेऊन लंगडत दुकानात आले तेव्हा मी तिथेच होते. तुम्ही पान्यावरून नजर न काढता म्हणालात, "गिअर पाडता येत नाई सर तुमाले. जोर लई लावता." सर ओशाळून हसले. मीही हसले होते.

माझ्यासाठी केलंत, हे मला कळतं. तेच तर ओकारी आणतं. ज्या सायकलीवरून मी शिकले, नोकरीला लागले, तिच्या प्रत्येक फेऱ्याला सरांचा गुडघा जोडलेला आहे आणि मला तो कधी जाणवला नाही. माया म्हणून माफ करावं, तर त्या दोन घरी मला उन्हात का पाठवलंत?

रविवारी क्रँक वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत घातला आणि कामरगावची बस धरली. सर ओसरीवर होते, काठी मांडीवर आडवी. "ये वं बाई, ये. एवढ्या उन्हाची कायले आली?" मी बसले. चहा आला. मी वाक्य तयार केलं होतं, बसमध्ये चार वेळा मनात म्हणूनही पाहिलं होतं. सरांनी सायकलचं विचारलं, मी बदलते आहे म्हणून सांगितलं. ते खुश झाले. "तुह्या बावासारखा मिस्तरी आता नाई भेटत. त्यानं मले तोंडावर सांगतलं होतं, सर, तुमाले जमत नाई. दुसरा असता तं गोड बोलून पैसे घेत राह्यला असता. मीच येडा, नवी वस्तू पाहून भुललो." मग पिशवीकडे बोट करून म्हणाले, "त्यात काय हाय?"

"जुनं सामान."

"फेकू नको वं. त्याच्या हातचं असन."

मी पिशवी पायाखाली सरकवली. अर्धा तास बसले, नमस्कार केला, आले.

सायकल आता छान चालते. हे पत्र खरं तर सरांना लिहायला हवं होतं. ते वाचू शकतात, आणि त्यांच्या घरचा पत्ता मला माहीत आहे. म्हणून तर तुम्हाला लिहिलं. आणि एक राहिलंच, जे वहीतही लिहिलं नव्हतं : सर तुमचं कौतुक करत होते, तेव्हा मला बरं वाटत होतं.