संयमी ड्रमर

३ फेब्रुवारी, सोमवार
चिरंजीव सोळा तारखेला येणार. दुसऱ्या दिवशी जहाजावरच्या बँडमध्ये ड्रम वाजवायला दोन वर्षांसाठी जाणार. फोनवर म्हणाला, बाबा, वीस वर्षं वाजवतोय, तुम्ही एकदाही बरं-वाईट बोलला नाहीत. खरं आहे. शिक्षण सातवी, त्यात ड्रम नव्हते. आता शिकणार. माळ्यावरून त्याच्या रॉक आणि ब्लूजच्या जुन्या रेकॉर्डींचं खोकं काढलं. रोज चार ते पाच अभ्यास. संकल्प पक्का.

४ फेब्रुवारी
काल खोकं उतरवताना पाठ धरली. अभ्यास रद्द.

६ फेब्रुवारी, दुपारी चार
हेडफोन लावून पहिली रेकॉर्ड ऐकली. घसा बसलेला असताना माणसाला गायला लावलंय. पण मध्येच शब्द टाकून तो नुसता कण्हतो, तेव्हा माझ्या पोटात कालवलं. हिला सांगितलं. ही म्हणाली, सकाळपासून पोटात काही नाही म्हणून.
ड्रमर सापडला नाही. यायचा असेल.

८ फेब्रुवारी
पाच रेकॉर्डी झाल्या. ड्रमर एकाहीत नाही. आता उलगडलं! मोठे ड्रमर वाजवतच नाहीत, गाणाऱ्याला जागा देतात. याला संयम म्हणतात. आमच्या छापखान्यातले हेडमशीनमन असेच. दिवसभर कशाला हात लावायचे नाहीत, आणि त्यांच्यावाचून काम अडायचं.

११ फेब्रुवारी
ही म्हणते, डावा कान दाखवून या. तीस वर्षं छपाईचं मशीन डाव्या हाताला होतं, म्हणून तो कान जरा आळशी झालाय, इतकंच. डॉक्टर नसलेला रोग काढतात. शिवाय मुलाला कळलं तर जाणं रद्द करेल. त्याला सांगायचं नाही, असं हिला बजावलं. ही डावीकडून काहीतरी बोलली. होकारच असणार.

१५ फेब्रुवारी
उद्याचं वाक्य आरशापुढे सात वेळा म्हटलं. तुझ्या वाजवण्यात संयम आहे. घाम फुटला. बीपी असेल.

१६ फेब्रुवारी, रविवार
आला. त्याचे केस पिकायला लागलेत, हे मला कुणी कळवलं नव्हतं. स्वतःच्या बँडची नवी रेकॉर्ड आणली, मुद्दाम जुन्या पद्धतीने केलेली. स्वतःच्या हाताने माझ्या कानांवर हेडफोन चढवले आणि समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत राहिला. गाणारी बाई थोर. मध्ये बराच वेळ सगळं शांत, बाई पाणी प्यायला गेली असावी. संपल्यावर मी म्हणालो, कमाल केलीस, एकदाही मध्ये आला नाहीस. तो म्हणाला, बाबा, मधली चार मिनिटं मी एकटाच वाजवतोय. मी म्हणालो, तेच तर! संयम!
अर्धा चहा टाकून उठला. जाऊ द्या बाबा, म्हणाला. चांगल्या अर्थाने म्हणाला असावा.

१७ फेब्रुवारी, सकाळी अकरा
तो पहाटेच बंदरावर गेला. हिने हेडफोन उलटे करून माझ्या डोक्यावर घातले. अशा रेकॉर्डींत म्हणे उजव्या कानात गाणं आणि डाव्या कानात ड्रम. मुलाने शाळेत असतानाच हिला सांगितलं होतं. मला कोण सांगतंय!
चार मिनिटं ऐकली. आधी एकच ठोका. मग इतका थांबला की वाटलं, पोरगा विसरला. मग जे सुटलं, त्याने माझा पाय आपोआप हलायला लागला. हा माझा मुलगा. ही बघत होती म्हणून चष्मा पुसला.

साडेअकरा
जहाज बाराला सुटणार. फोन उचलत नाही. हिने मोबाइलवर आवाजी निरोप धाडायला शिकवलं. कान, मशीन, चार मिनिटं, सगळं सांगितलं. माफीसुद्धा मागितली, जी मी कुणाची मागत नाही.
नंतर हिने निरोप लावून बघितला. त्यात मी विचारतोय, हे सुरू झालं का, झालं का गं? मग खाकरतो. संपलं. बटणावरचा अंगठा सुटला होता म्हणे.

दुपारी दीड
बाराच्या सुमारास त्याचं उत्तर आलं, काय सुरू झालं, बाबा? अंगठा घट्ट दाबून पुन्हा सगळं सांगितलं. सांगून संपलं, पण अंगठा उचलायचा धीर होत नाही. पुन्हा पुसलं गेलं तर? ही म्हणते, उचलल्याशिवाय जाणार नाही, आणि आता तसंही समुद्रात रेंज नाही, पुढचं बंदर नऊ दिवसांनी. जेवायला या.
हे डाव्या हाताने लिहितोय.